दाढ दुखते ना, मग बोलू नका

—नाही, नाही, उत्तर देऊ नका, गाल केवढा सुजलाय तुमचा! नुसती मान हलवा. मराठीच ना? मी ओळखलंच. दुखणं एवढं, तरी चपला जोडीनं लावून ठेवल्यात. बसा. या बंगाली दवाखान्यात हा एवढा बाक मराठीचाच आहे. ती पाटी बघा— ‘येथे मराठीत सांगा’. अक्षर माझं, डॉक्टरांना बांगलात सांगायचं कामही माझं, कल्पना इथल्या सिस्टर ब्रिजिडची. गोरी असली तरी इंग्रज म्हणू नका हं तिला, रागावते. आयर्लंडची. तिच्या गावच्या पोस्टात म्हणे कायद्यानं आयरिश चालते, पण खिडकीत सगळे इंग्रजीवाले. तर तिची म्हातारी आई काय करते— इंग्रजी फाडफाड येतं हो तिला— पण तिकीट मागायचं ते आयरिशमधूनच! समजणारा माणूस आतून येईपर्यंत खिडकी सोडत नाही. मागे रांग बोंबलतेय, ही ढिम्म! कारण मागितलं नाही की ते म्हणणार, बघा, कुणाला हवंच नाही.

आणि इथंही तेच चाललंय. ते कंपाउंडर हरिपदबाबू म्हणतात, मराठी पेशंट इंग्रजी नाहीतर हिंदीत भागवतात, बाक कशाला अडवायचा? आज कुणी मराठीत बोललं नाही तर पाटी उतरणार. आता कुणाकुणाला सांगू— आमच्या सासूबाई इथंच आल्या होत्या, पोट धरून. काय होतंय विचारलं, की ‘बरं आहे’! आपल्याकडे परक्याला दुसरं काय सांगतात? हरिपदबाबूंनी बरं समजून घरी धाडलं. अहो, त्या ‘बरं आहे’ म्हणाल्या की जीव चाललाय समजायचं, हे आपल्या माणसाशिवाय कोण सांगणार? वाचल्या म्हणा. आता पुण्याला असतात, दिराकडे. गेल्या, आणि घर मुकं झालं हो. म्हणजे गोंगाट आहे, पण बांगलात. मुलं माझ्याशी मराठी बोलतात ती पाहुण्याशी बोलावं तशी, आणि आमचे हे पेपरात डोकं घालून हूं. कुणी आजारी पडू नये, पण पडायचंच असेल तर मराठी माणसानं पडावं, एवढंच मागते मी देवाजवळ— जाऊ दे, भलतंच बोलले.

तर आत गेल्यावर साहेबी थाट नको. इंग्रजी येत असेल तुम्हाला, विसरा घटकाभर. बोलावलं बघा— चला, मी आहे.

हां, डॉक्टर विचारतायत, काय होतंय. सांगा ना! —अहो, नुसतं तोंड काय उघडता? बोट कसलं दाखवता? एक शब्द! सिस्टर दारात उभीय, हरिपदबाबू गालात हसतायत... अरे देवा, चिमटा घातलासुद्धा—

ऐकलंत? सिस्टर, ऐकलंत ना? ‘आई गं!’ हरिपदबाबू, तुमच्याकडे ‘मा गो’ म्हणतात, हे ‘आई गं’ होतं, अस्सल मराठी, रस्त्यापर्यंत गेलं! राहिली पाटी!

तुम्ही बोळा चावून धरा, आणि आता खरंच बोलू नका. जा घरी, पडून राहा.

—थांबा हो. त्या बाजूची दाढ कशी आहे?