अप्पांची शिट्टी

आमच्या मन्मथअप्पांना शिट्टी कशी मिळाली ते ऐका, म्हणजे माझी झोप का उडाली ते कळेल. आष्टीच्या मैदानालगतच्या कठड्यावर आम्ही दोघं रोज संध्याकाळी बसतो. अप्पांनी जन्मभर किराणा विकला, मी तहसीलमधला निवृत्त कारकून. तिथं पोलीस भरतीची तयारी करणारी रेश्मा पोरापोरींना पार्कूर शिकवायला लागली, म्हणजे कठड्यावरून उड्या मारायला. आधी दगड हलवून बघायची, काचा वेचायची, मगच उडी. एक दिवस तिनं अप्पांच्या हातात शिट्टी दिली. "खाली कुणी नसलं की वाजवा. त्याबिगर कुणी उडणार न्हाई."

माझ्या टेबलावरून गेल्याशिवाय तालुक्यातला कागद पुढं सरकत नव्हता, आणि शिट्टी किराणा दुकानदाराला!

"अप्पा, मला द्या की जरा."

"तुमच्याकडं दिली तर पोरं कठड्यावरच म्हातारी व्हतील."

मी उठलो आणि मुद्दाम उडीच्या जागेवर जाऊन उभा राहिलो. पोरं वर ताटकळली. रेश्मा आली. "काका, तुमाला बी शिकायचंय का?"

"हो!" रागात तोंडातून निघून गेलं.

"मग आधी नीट पडायला शिका. गवतावर, खांद्यावरून लोळायचं. अप्पांनी वाजवलं की."

मी वाकून तयार झालो. अप्पांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. "थांबा, म्हैस येतीय."

मी तसाच वाकून राहिलो. म्हैस शिट्टीची वाट न बघता माझ्यासमोरून निघून गेली. त्या दिवशी अप्पांपेक्षा तिचाच जास्त हेवा वाटला.