वरात उस्मानपुऱ्यात कशी आली

नाय, नाय काका, बसत नाय, उभ्यानंच सांगतो आन जातो — बरं, बसतो, तुम्ही असं बघितलं की बसायलाच पाहिजे. मी मधुसूदन. काल संध्याकाळी तुमच्या दारात फेटा बांधून उभा होतो, तो. तुम्ही ओळखलंच असणार, आज फेटा नाय म्हणून सांगितलं. मी एवढंच सांगायला आलो की ते लग्न नव्हतं. साखरपुडाबी नव्हता. ते आमच्या कॉलेजचं गॅदरिंग होतं, आन तिथं मी कुणाचाच नवरा नव्हतो — खरं सांगायचं तर मी बायको होतो — थांबा, थांबा, तसं नाय. पहिल्यापासून सांगतो.

आमचे प्रिन्सिपॉलसाहेब विलायतेत शिकलेले. पोलीस ॲक्शननंतर इथं आले. त्यांचं म्हणणं, तिकडं साल सरलं की पोरंपोरी आधी गाणं-बजावणं करतात आन मग जोड्या-जोड्यांनी नाचतात, त्यानं म्हणे शिस्त लागते. आता आमची निम्मी पोरं उर्दूतून शिकलेली, निम्मी मराठीतून, आन साहेब बोलणार इंग्रजीतून — सगळ्यांनी माना हलवल्या. झालं, ठरलं. मग काल आधी गाणी झाली. मीनाक्षीनं — म्हणजे तुमच्या कन्येनं — गाणं म्हणलं. लई गोड म्हणलं. दुसऱ्या कडव्याला ती जरा थांबते ना, डोळे मिटून — असो. मग आमचं नाटुकलं. मी राजा. म्हणून फेटा, तुरा, गळ्यात हार, आन शेरवानी वर्गातल्या फारूखची. कपडे बदलू म्हणलं तर साहेब म्हणले नाही, लगेच नाच. पण पोरी बसल्या भिंतीला पाठ लावून, एक उठंना. साहेब म्हणले, हरकत नाही, निम्म्या मुलांनी दंडाला रुमाल बांधावा आणि बाई व्हावं. मला रुमाल आला. जोडीदार कोण, तर कडूबा — लासूर स्टेशनच्या आडत्याचा पोरगा, रोज तालमीत जातो. त्यानं कमरेला हात घातला की माझे पाय जमिनीला लागंनात. हसलात का काका? नाय? बरं, नाय.

आता खरा घोळ सांगतो. बँड होता युसूफ मास्तरांचा. माणूस भला, क्लॅरिनेट अशी वाजवतो की काय सांगू, पण जन्म गेला वरातीत. त्यांना साहेबांनी खुर्च्या दिल्या. बसवलं. बसल्यावर एकाचा सूर दुसऱ्याला लागंना, ढोलवाला भलतीकडं, झांजवाला भलतीकडं. मास्तर म्हणले, "बैठ के नक्को बोलो साब, चले बगैर हमारा सुर नई निकलता." आन उठले. चालले की काका, असं झकास वाजलं — हॉलला दोन फेऱ्या झाल्या, मग दार दिसलं, पडले बाहेर. साहेबांनी आम्हाला आधीच बजावलेलं, वाजवणं थांबल्याशिवाय कुणी पाय थांबवायचा नाही. मग आम्ही बँडच्या मागं. कडूबानं ढकलत मला सगळ्यात पुढं आणलं. मागं जोड्या, जोड्यांच्या मागं साहेब, आमच्या बद्रीनाथ सरांचा हात धरून, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. शिस्त म्हणजे शिस्त. रस्त्यावरच्या लोकांनी काय समजायचं? टांगेवाले बाजूला झाले, एकीनं तर गच्चीवरून अक्षता टाकल्या.

आन तुमच्या दारात पोचलो. यमुनाकाकूंनी बघितलं — बँड, फेटा, हार. त्या आधी म्हणल्या, "यांनी परस्पर ठरवलं, थोरलीच्या वेळीबी असंच केलं, मला शेवटी सांगितलं." मग डोळे पुसले आन माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. मी बोलणार होतो, पण बँड वाजतोय, कोण ऐकतंय. साहेबांना त्यांनी पाट दिला, विचारलं, मुलगा कसा आहे, तर साहेब लाडू खात म्हणले, फार स्थिर मुलगा आहे. आता ते बोलले अभ्यासाबद्दल. तेवढ्यात तुम्ही कीर्तनाहून आलात. लोकांनी अभिनंदन केलं. तुम्हाला वाटलं काकूंनी ठरवलं, आन आपल्याला ठाऊक नाही हे चारचौघांत कसं दाखवायचं — म्हणून गल्लीला साखर तुम्हीच वाटली, काका. माझा त्यात हात नाय. शेजारच्या नजमाआपांनी तर दोनदा घेतली.

काय? — बँडला तुमचं घर कुणी दाखवलं? ते — बँड आपला चालत — चालत चालत आला. रस्ता जसा — नाय, तसं नाय. युसूफ मास्तरांची रीत आहे, फेट्यातल्याला विचारायचं. नाक्यावर मागं वळून मला म्हणले, "दुल्हन का घर किधर?" मी म्हणलं, उस्मानपुरा. तोंडातून निघालं. माझी खोली दुसऱ्या टोकाला आहे, व्हय, तरीबी कॉलेजातून रोज तुमच्या गल्लीतून जातो. इकडची हवा बरी आहे. पण ऐका ना, मी लगेच भानावर आलो. पुढच्या वळणावर मास्तरांनी परत विचारलं तेव्हा म्हणलं, सरळ, स्टेशनकडं न्या. देवाशपथ. माझी छाती झाली नाय. आन मास्तर सरळ निघालेबी होते, तर मागून कुणीतरी म्हणलं, "डावीकडं घ्या, मास्तर."

कुणीतरी म्हणजे — पोरीबी भिंत सोडून आमच्या मागंच येत होत्या ना. काकू तिला आत माजघरात शोधत होत्या तेव्हा ती वरातीत होती. हे मी सांगणार नव्हतो. तिला रागावू नका, काका, तिनं एवढंच म्हणलं, डावीकडं. लई हळू म्हणलं. मला ती आवडते, काका. दोन वर्षं झाली, बोललो नाय कधी, वही मागतो आन परत देतो, बस्स. आज मी खरं तर हे सांगायला आलो होतो की गैरसमज झाला, तुम्ही मोकळे आहात, गल्लीला काय सांगायचं ते मी सांगतो.

उठलात? — काठी नका घेऊ काका, मी आपला जातो. नाय, टोपी घेताय. देव्हाऱ्यातून ते काय काढलं — तिची पत्रिका? कुठं निघालात? फुलंब्रीला? आमच्या बापूंकडं? त्यांना यातलं काही ठाऊक नाय, त्यांना धक्का — बरं. मोटार पुलापाशी मिळंल. मी येऊ सोबत? नको. मग जाऊ? नको? बसू? — काकू, माझ्यासाठी एवढे पोहे नका — व्हय, काका. गप्प बसतो. एकदम गप्प.