थोरलीचा आवाज

आदरणीय अध्यक्ष महाशय, व्यासपीठावर बसलेले प्रमुख पाहुणे, ज्यांना आज आपण निरोप देतो आहोत ते आरोग्य विभागाच्या जनजागृती शाखेचे प्रमुख, म्हणजे आपले साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, साहेबांच्या खुर्चीवर उद्यापासून बसणाऱ्या नव्या मॅडम, आणि समोर दाटीवाटीनं बसलेल्या सगळ्या सिस्टर, आरोग्यसेविका, स्टुडिओतली मंडळी आणि श्रोतेहो,

निवेदकांनी माझी ओळख करून दिली तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, "थोरली आली." ऐकलं मी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभी हयात गेली माझी, कुजबुज ऐकायचाच पगार घेतला. तेव्हा जरा जपून.

या समारंभाच्या आयोजकांचा फोन आला, तेव्हा ते म्हणाले, "बाई, साहेबांविषयी दोन गोड शब्द बोला." मी म्हटलं, "सापडले तर बोलते." ते हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला.

एक गोड शब्द सापडला आहे, तो आधी देऊन टाकते. साहेब मेहनती आहेत. लोकांच्या सवयी बदलायच्या तर नुसती पत्रकं वाटून भागत नाही, हे या गावात पहिल्यांदा त्यांना कळलं. लोक पत्रकात शेंगदाणे बांधतात. लोकांना गोष्ट लागते. म्हणून त्यांनी रेडिओवर मालिका काढली, सकाळच्या बातम्यांनंतर, घरोघरी लागणारी. बाळांना लस टोचून घ्या, हा तिचा हेतू. गावात त्या वर्षी गोवरानं लेकरं गेली होती आणि तरी आया दारं लावून घेत होत्या. हेतूविषयी माझी तेव्हाही तक्रार नव्हती, आजही नाही.

त्या मालिकेसाठी त्यांना एक सासू हवी होती. कुठल्याशा तक्रारीसाठी ते एक्स्चेंजमध्ये आले, काचेपलीकडून माझा आवाज ऐकला आणि तक्रार विसरले. मी हौशी रंगभूमीवर कामं केलेली, निवृत्ती तोंडावर आलेली. म्हटलं, बरं झालं, घरी बसून भिंती मोजण्यापेक्षा हे काय वाईट?

पहिल्या बैठकीत साहेबांनी फळ्यावर चौकटी काढल्या. आम्ही त्यांना मागं चौकटसाहेबच म्हणायचो, वहिनी, माफ करा. एका चौकटीत चांगली बाई, ती सगळं वेळेवर करते. एका चौकटीत डळमळीत बाई, म्हणजे सून, ती आधी घाबरते आणि मग शहाणी होते. आणि तिसऱ्या चौकटीत मी. थोरली. चौकटीखाली साहेबांनी लिहिलं होतं, "शेवटपर्यंत बदलत नाही." मी विचारलं, "का हो, एवढी काय दगड आहे का ती?" साहेब म्हणाले, "बाई, श्रोत्यांना राग यायला एक माणूस लागतो. राग आला की ते तिच्या उलट वागतात."

आणि तसंच झालं की. मी कसूर केली नाही. "आमच्या घरात सुया टोचून पोरं मोठी नाही झाली," हे वाक्य मी असं म्हटलं, की स्टुडिओतल्या रेकॉर्डिस्टनं हेडफोन काढून माझ्याकडं बघितलं. आरोग्य केंद्रात रांगा लागल्या. आया बाळ पुढं करून म्हणायच्या, "आम्ही काय थोरली आहोत का?" सर्वेक्षण झालं, साहेबांना बक्षीस मिळालं, वर्तमानपत्रात फोटो आला. रास्त होतं ते. लेकरं वाचली.

आता मला सांगा, ज्या बाईचा सगळ्या गावाला राग यायला हवा असं मुद्दाम ठरवलं, ती बाई भाजी कुठून आणणार, याची चौकट त्या फळ्यावर होती का?

सुरुवातीला गंमत वाटायची. भाजीवाली म्हणायची, "थोरले, तुला देणार नाही जा," आणि हसत हसत तोलून द्यायची. मग हसणं बंद झालं आणि किडकी वांगी यायला लागली. बसमध्ये मी शेजारी बसले की बाई मांडीवरचं मूल उचलून दुसऱ्या मांडीवर घ्यायची. मी तोंड उघडलं की लोक वळून बघायचे. मग मी तोंड उघडणंच कमी केलं. वाण्याकडं बोटानं दाखवून सामान घ्यायला लागले. जिनं जन्मभर आवाजावर भाकरी मिळवली तिनं. माझ्या सुनेची आई बाळंतपणाला आमच्याकडं राहायला आली, तर पहिल्या दिवशी मला म्हणाली, "विहीणबाई, टोचायच्या वेळी मधे येणार नाही ना?" मी हसून सोडून दिलं. सून हसली नाही.

माझी सून शहाणी आहे, कापडाच्या दुकानात बिलं करते, शब्दाला शब्द वाढवत नाही. तिच्याविषयी मी आज एक अक्षर वावगं बोलणार नाही. पण रोज सकाळी ती कणीक मळताना रेडिओ ऐकायची, आणि रेडिओत मी असायची, आणि मागं वळली की ओट्याशीही मीच. माणूस कितीही शहाणं असो, रोज पडणारं पाणी दगडालाही खळगा पाडतं.

नात आठ महिन्यांची होती. तिला लस टोचून आणली, मीच कडेवर घेऊन गेले होते. दुसऱ्या दिवशी ताप आला. टोचल्यावर ताप येतोच, सिस्टरनं सांगितलं होतं, औषधही दिलं होतं. पण तिसऱ्या दिवशी पोरगी दूध ओढेना. उचलली की किंचाळायची, खाली ठेवली की गप्प. मी तिच्या मानेखाली हात घातला, तर मान वाकेना. मी माझ्या धाकट्या भावाला असं होताना बघितलं होतं, लहानपणी. तो राहिला नाही. मी सुनेला म्हटलं, "हा सुईचा ताप नाही. मोठ्या दवाखान्यात चल."

ती म्हणाली, "आई, मंगळवारी रेडिओवरही तुम्ही असंच घाबरवलंत."

खरं होतं. त्याच आठवड्यात थोरली ओरडली होती, "सुईनं ताप आला, पोर हातची गेली," आणि मग पोर खडखडीत बरं होऊन थोरली तोंडावर आपटली होती. सगळा गाव हसला होता.

माझा मुलगा परगावी गेलेला. मी म्हटलं, "बरं, माझं ऐकू नकोस, केंद्रात तरी दाखव." केंद्रात गेलो. सिस्टर आज इथं आहेत की नाही मला माहीत नाही, मी शोधणार नाही. मी बोलायला लागले, "मान बघा हो तिची," आणि रांगेतली एक बाई खुदकन हसली. सिस्टर म्हणाल्या, "आजीबाई, ते नाटक तिकडं स्टुडिओत. इथं आयांना घाबरवू नका." थर्मामीटर लावला, तापाचं औषध वाढवून दिलं, आणि परत पाठवलं. मान कुणी बघितली नाही. मी आणखी बोलले असते. पण जितकी बोलत होते तितकी मी थोरली होत होते, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरीला झटके आले.

मेंदूज्वर. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर स्पष्ट म्हणाले, लसीचा याच्याशी काडीचा संबंध नाही, हा वेगळाच आजार. आणि मग म्हणाले, "काल आणली असती तर बरं झालं असतं." पोरगी वाचली. ऐकणं गेलं. एका कानाचं पूर्ण, दुसऱ्याचं बरंचसं.

साहेब, पाणी घ्या. अजून थोडं आहे.

नात घरी आल्यावर मी साहेबांच्या कार्यालयात गेले. भांडायला नाही, हे मला नोंदवून ठेवायचं आहे. मी दोन गोष्टी मागितल्या. पहिली, थोरलीला एकदा, एकाच भागात, खरं बोलू द्या. दुसरी, मालिकेच्या शेवटी सांगा, की टोचल्यावर साधा ताप येतो, पण मूल दूध ओढत नसेल, मान ताठ झाली असेल, झटके येत असतील, हाक मारून जागं होत नसेल, तर टोचलेलं असो की नसो, त्याच पावली मोठा दवाखाना गाठा. समोर एवढ्या आरोग्यसेविका बसल्या आहेत म्हणून इथंही सांगून टाकते. तिथं तर सांगू दिलं नाही.

साहेब म्हणाले, "बाई, तुमच्या घरी झालं ते वाईट झालं. पण एका वेळी एकच गोष्ट सांगायची असते. ताप आला तर घाबरा असं म्हटलं, की आया परत दारं लावतील."

अगदीच खोटं नव्हतं त्यांचं. मलाही कळत होतं. म्हणून मी म्हटलं, "मग निदान थोरलीला बदला. म्हातारीचं कधीतरी बरोबर असतं, एवढं तरी लोकांना कळू द्या."

त्यावर ते जे म्हणाले ते मी जसंच्या तसं सांगते. "सर्वेक्षणात तुमच्यावरचा राग सगळ्यात वर आहे, बाई. चालत्या गाडीचं इंधन कुणी काढून घेतं का?"

मी उठले. म्हटलं, "तुमच्या गाडीला दुसरं इंधन शोधा." त्या दिवसापासून मी स्टुडिओची पायरी चढले नाही.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, सुटली बाई. मलाही वाटलं होतं. पुढच्या सोमवारी सून कणीक मळत होती, मी तिच्यासमोर चहा गाळत होते, आणि रेडिओत मी बोलत होते. तोच आवाज, तोच खोकून घ्यायचा ढंग. साहेबांनी नकला करणारी एक मुलगी आणली होती. पोटासाठी आलेली पोर, तिला दोष नाही. सुनेनं पिठाच्या हातानं रेडिओ बंद केला. माझ्याकडं बघितलं, गॅस बंद केला आणि म्हणाली, "आई, चपला घाला."

आम्ही केंद्रात गेलो. भरल्या रांगेत ती उभी राहिली. आमच्या घरात ती सगळ्यात कमी बोलणारी, पण त्या दिवशी तिचा आवाज दारापर्यंत गेला. म्हणाली, "या माझ्या सासूबाई. यांनी मान बघा म्हणून सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, तुम्हीही ऐकलं नाही. रेडिओतली बाई ही नाही." रांगेतल्या एका आजींनी सरकून मला बाकावर जागा दिली. एवढंच. पण सगळा गाव त्या रांगेत थोडाच होता? मालिका पुढं वर्षभर चालली. शेवटच्या भागात थोरली जिन्यावरून पडून मेली. त्या दिवशी आमच्या चौकात मिठाई वाटली गेली, आणि एकीनं ती माझ्याही हातावर ठेवली. मी घेतली. खाल्ली नाही.

नात आता बालवाडीत जाते, कानाला यंत्र आहे. तोंडाकडं बघून बोलणं समजून घेते, आणि घरात सगळ्यांत आधी माझं समजते, कारण मी शब्द तोडून बोलते. रंगभूमीची सवय. या गावात मला आवाजावरून न ओळखणारं तेवढं एक माणूस आहे.

आत्ता निवेदकांनी चिठ्ठी दिली आहे. "वेळ संपत आली. लोकाग्रहास्तव थोरलीचा तो प्रसिद्ध संवाद म्हणून समारोप करावा." लोकाग्रह कुणाचा ते लिहिलेलं नाही. मागच्या रांगेनं टाळ्या वाजवल्या तरी मी म्हणणार नाही. ती जिन्यावरून पडून मेली आहे, तिला तिथंच राहू द्या.

नव्या मॅडम, तुमच्याशी माझं वैर नाही, म्हणून एकच सांगते. तुम्ही पुढची योजना आखाल. पाण्याची असेल, तंबाखूची असेल. कुणीतरी चुकीचं वागणारं माणूस तुम्हालाही लागेल. ते माणूस निवडाल तेव्हा त्याच्या घरी एकदा चहाला जा. त्याच्या शेजाऱ्यांना भेटा. आणि मधेच ते माणूस कार्यालयात येऊन सांगू लागलं की काहीतरी बिघडतं आहे, तर हातातला खडू खाली ठेवून ऐका. फळा कुठं पळून जात नाही.

मला इथं बोलावल्याबद्दल आयोजकांची मी आभारी आहे. मनापासून, कारण एवढा मोठा माइक मला परत कुणी देईल असं वाटत नाही. आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत. बोलण्याच्या ओघात काही कमीजास्त झालं असेल, कुणाच्या समारंभाची गोडी गेली असेल, तर अध्यक्षांची, पाहुण्यांची, वहिनींची आणि आपली सर्वांची मी क्षमा मागते.

साहेबांची मागत नाही. त्यांना मला काही सांगायचं असेल, तर त्यांचं भाषण माझ्यानंतरच आहे. मी माइक बंद करत नाही. समोर पहिल्या रांगेत सुनेशेजारी जाऊन बसते.