तो दोर घेऊन यायच्या आत

हॅलो? … हॅलो, कोण? … आई? अहो आई, जरा मोठ्यानं बोला, इथे गॅरेजात पत्रा ठोकतायत… थांबव रे तो हातोडा, घरून फोन आहे! … हं, बोला.

बंद पडली? कुठे? … बँकेसमोर. बरं. तुम्ही ठीक ना? बाबा? … पिशव्या मांडीवर घेऊन बसलेत. बसू द्या.

… काय म्हणाला तुमचा लेक? 'दोर घेऊन येतो, ओढून नेतो आणि रविवारी गिऱ्हाइकाला देऊन टाकतो'? … वा! आई, गाडी तुमच्या नावावर आहे. साठी उलटल्यावर लायसन्स काढलंत ते काय गाडी ओढून न्यायला? … निघाला का तो? … मग आहे थोडा वेळ. ऐका. अहो, रडायचं नंतर, आधी ऐका!

किल्ली फिरवली की इंजिन फिरतं का? घर्र घर्र… फिरतं! जोरात? … म्हणजे बॅटरी ठीक, स्टार्टरही ठीक. … कोण म्हणतंय स्टार्टर मारत राहा? बाबा? त्यांना म्हणावं, मध्ये तोंड घालू नका. … नको, तुम्ही नका म्हणू. घरी आल्यावर मीच बघते.

आता किल्ली अर्धीच फिरवा. नुसते दिवे लागतील एवढी. आणि कान मागच्या सीटकडे. तुमच्या शिलाई मशीनच्या मोटरसारखं घूंऽऽ येतं का, क्षणभर? … पुन्हा करा. … काहीच नाही? … आई, जन्मभर ती मोटर ऐकलीत. तुम्ही नाही म्हणालात म्हणजे नाही. पेट्रोलचा पंप चालत नाहीये. इंजिन बिचारं फिरतंय, पण उपाशीपोटी.

… नाही हो, लगेच नवा पंप कशाला? आधी फ्यूज. किल्ली बंद करा. स्टिअरिंगखाली, गुडघ्यापाशी झाकण आहे… निघालं? त्याच्या आत चित्र आहे बघा, पेट्रोल पंपाचं. तो फ्यूज उपटा. … पर्समध्ये चिमटा आहे? असणारच! … उजेडात धरा. आतली तार? … काळी पडून तुटलीय? शाब्बास! … अहो, सासूला शाब्बास म्हणू नये, ठाऊक आहे, तोंडातून गेलं.

आता रेडिओचा काढून तिथे लावा. दोन्हींवर आकडा एकच ना? … बाबांच्या बातम्या? एक दिवस नाही ऐकल्या तर काही बिघडत नाही. लावा आणि…

काय? … का थांबू? … कसली वायर? … लाल? फ्यूजच्या मागून? ती मूळची नाही हो आई, तिथे असायलाच नको… कुठे जातेय? … हो, हो, उसवलेला धागा धरून जाता तसं जा. … पायपुसण्याखालून… सीटखाली… सोलवटलीय? लोखंडाला टेकलीय? … आणि टोकाला काय? … पंखा? बाबांच्या बाजूचा तो छोटा पंखा?

… 'कुणाला त्रास नको म्हणून मीच जोडला' म्हणतायत!

आई… हे मला सुचलं नसतं. मी नुसता फ्यूज बदलायला सांगितला असता, आणि तोही जळला असता. … नाही, बरं वाटावं म्हणून नाही बोलत. कारागिराचं डोकं आहे तुमचं! … वायर उपसून काढा, दोन्ही टोकं. … बाबा रुसले? रुसू द्या. … लावला फ्यूज? अर्धी किल्ली… आलं का घूं? … मारा आता!

… ऐकलं! आई, ऐकलं मी! … हो, सुरू झाली गाडी, सुरू झाली!

कोण आलं? … दोर खांद्यावर घेऊन? … 'कुणी दुरुस्त केली' विचारतोय? माझं नाव घ्याल तर याद राखा. तुम्ही केलीत. मी नुसता फोन धरला होता. … किल्ली मागतोय? … द्यायची नाही! … रविवारच्या गिऱ्हाइकाला काय सांगू म्हणतो? द्या त्याच्याकडे फोन, मीच… नको? तुम्ही सांगता? … सांगा की मग!

…

'मालकीण विकत नाही म्हणून सांग!'… अहो आई, हळू! गॅरेजभर ऐकू आलं! … निघालात? आणि तो? … हॅलो? … आई? …

ठेवला.

काय रे, काय बघताय सगळे? … सासूबाई आहेत माझ्या.