भिंतीच्या आतलं लेकरू

माहं नाव रहिमाबी. बाप मुलाणी, नवरा बी मुलाणी, गावची बकरी कापणारे, आन मी हसनाबादच्या अंगच्या आमच्या वाडीतली सुईण. मायचा हात पाहून पाहून शिकले. निजामाचं राज्य व्हतं, दवाखाना कुठं न्हाई, मंग ज्याच्या घरी कळा सुरू झाल्या तो रहिमाबी रहिमाबी करत पळत यायचा, कोण्या बी जातीचा असंना. काय सांगू तुम्हाला, भाईर येस्तोवर समदी लेकरं सारखीच, भाईर आलं की ज्याचं त्याचं येगळं सुरू व्हतं. हिंदूच्या घरी थाळी वाजवायची. आमच्यात न्हाऊ घातलं की बाप्याला बोलवायचं, त्यानं लेकराच्या कानात अजान द्यायची. आन किरिस्तावाचं लेकरू असलं तं फादरची वाट पाहायची, तो यील, डोक्यावर पाणी घालील, नाव ठेवील, मंग ते लेकरू त्यांच्या धर्मात आलं म्हणायचं.

किरिस्ताव म्हंजे खालच्या अंगाला थोडीच घरं, रोजानं जाणारे लोक. फादर गोरा, लई दुरून घोड्यावर यायचा, कव्हा महिन्यानं, कव्हा दोन महिन्यानं. त्यांचं कब्रस्तान नाल्याच्या वर, दगडाची भिंत घातलेली. पाणी घातलेलं मेलं तं भिंतीच्या आत, बिनपाण्याचं मेलं तं भाईर, नाल्याच्या कडंला. आता त्या मार्थाचं ऐका. माह्याहून लहान, गरीब गाय नुसती. तिचं पहिलं लेकरू फादर यायच्या आधीच गेलं, म्हून भाईर पुरलं, आन कुत्र्यांनी उकरलं. तिनं सोता पाहिलं, कुत्र्याच्या तोंडात फडकं पाहिलं. आन लोक तिलाच सांगून राह्यले, देवाची मर्जी व्हती बाई. म्या म्हणलं असल्या मर्जीला आग लागो. तोबा तोबा, काय बोलून गेले.

त्याच्यानंतर फादर आला तव्हा त्यानं मला बोलवलं. म्हणला, बाई, लेकरू दम तोडायला लागलं तं माही वाट पाहू नको, तूच पाणी घाल. म्या म्हणलं मी मुसलमान हाये. म्हणला चालतं, अशा टायमाला कोणी बी घातलं तं चालतं, फकस्त मन लावून घाल आन हे शब्द बराबर बोल. मंग मला ते घोकायला लावलं. मला काय, नाळ कापायची तशी ही बी एक रीत. मला आपलं ते कुत्र्याच्या तोंडातलं फडकं दिसत व्हतं.

मार्था दुसऱ्यांदा अडली ती भर दुपारी, दिस बी भरले नव्हते. पोरगी झाली, एवढीशी. एकदा रडली, मांजरीच्या पिलावानी, आन निळी पडायला लागली. म्या पाठ चोळली, तोंडात फुंकलं, कशाला कशाचा उपेग न्हाई. मार्थानं माहं मनगट धरलं, एवढंच म्हणली, रहिमाबी, पाणी. म्या लोटा घेतला, डोक्यावर पाणी सोडलं, फादरनं शिकवलं तसं बोलले, आना म्हून नाव ठेवलं. जावळ वाळायच्या आत पोरगी गेली.

आता वाडीत गोष्ट किती वेळ लपते. दुसऱ्या दिवशी फादरला निरोप पोचून तो येस्तोवर माह्या सासूला समदं कळलं व्हतं. माहा नवरा उस्मान भाकर खाऊन राह्यला व्हता. रागानं बोलला न्हाई तो, रागवला असता तं बरं झालं असतं. म्हणला, इचारलं तं सांगायचं, नुसतं पाणी घातलं, बोलले काही न्हाई. खुदाला पोरगा हाये म्हणणारी बायको जर माह्या घरात, तं माह्या हातचं हलाल कोण खाईल? सासू म्हणली, एका मेलेल्या पोरीपायी घर जाळू नको बाई. म्या म्हणलं बरं. खरंच बरं म्हणले व्हते मी.

त्या भिंतीपाशी समदी वाडी जमली, तमाशाला जमावं तशी. आमचे मस्जिदीचे इमामसाहेब बी आल्ते. मार्था वल्ली बाळंतीण, उन्हात मातीत बसलेली, मांडीवर फडक्यात पोरगी. कुदळवाला भिंतीच्या दारात थांबला व्हता, फादरच्या तोंडाकडं पाहत, का आत खांदू का भाईर खांदू. फादरनं मला समद्यांपुढं इचारलं, तू काय बोललीस ते बोल. एक शब्द कमी पडला तं मला ही पोरगी आत घेता यायची न्हाई. उस्माननं माह्याकडं पाहिलं. मार्थानं पाहिलंच न्हाई, ती पोरीच्या तोंडावरच्या माशा वारत व्हती. म्या काय करू? ती पोरगी माह्या हातात रडल्ती, म्या आयकलं व्हतं. म्या सांगून टाकलं, बापाच्या, पुत्राच्या आन पवित्र आत्म्याच्या नावानं मी तुला बाप्तिस्मा देते, असं बोलले, समदं बोलले, पाणी सोडता सोडता बोलले.

फादरनं मान हलवली आन कुदळवाला आत गेला.

मंग इमामसाहेब पुढं आले. भला माणूस, उगा खोटं काहून बोलू. म्हणले बेटी, बोलणं येगळं आन मानणं येगळं, तरी ईमान गेलं तं निकाह बी तुटतो, तव्हा एहतियात म्हून, खबरदारी म्हून तोबा कर, कलमा पढ, आन तुमचा निकाह पुन्हा पढून घेऊ, गवाह इथंच हायेत, उगा कोणाच्या मनात शंका नको. म्या तिथंच डोक्यावर पदर घेऊन कलमा पढला. मंग ते उस्मानकडं वळले, म्हणले बोल बाबा, कबूल?

उस्मान म्हणला, मला कबूल न्हाई.

इमामसाहेबांनी पुन्हा इचारलं. पुन्हा तेच. म्हणले अरे तिनं कलमा पढला, झालं आता. तं तो म्हणला, ईमान तिचं तिनं परत घेतलं, मला बायको परत घ्यायची न्हाई, जबरदस्ती हाये का? जबरदस्ती कुठून असणार. ईमान मला एकटीला परत मिळालं, निकाहला दोघं लागतात. पुढं कळलं, राजूरच्या बाजारात त्याची एका पोरीच्या बापासंगं बोलणी आधीपासूनच चालल्ती. त्या मुडद्याला निस्तं कारण पायजे व्हतं आन ते म्या भर उन्हात, समद्या वाडीपुढं, त्याच्या हातात दिलं. माहा पोरगा रज्जाक अजून अंगावर पीतच व्हता, सासूनं मागून येऊन त्याला माह्या कडंवरून वढून घेतला. माहं दूध सांडत राह्यलं आन लोक भाकरी खायला घरी गेले.

किरिस्तावांनी मला ठिवून घेतलं का? न्हाई. ते म्हणले तू आमच्यातली न्हाई, आन खरंच न्हवते मी. मायच्या पडक्या खोलीत राह्यले, बाळंतपणं करत राह्यले. बाळंतपणाला समद्यांना रहिमाबी पायजे, जेवायच्या पंगतीला नको.

मंग राज्य गेलं, लोक गेले, उस्मान बी गेला. त्याला न्हाऊ घालून कफनात ठिवलं, म्या मनात आणलं, जाऊ दे, एकदा तोंड पाहून यावं. दारात रज्जाक उभा, दाढी आलेला, माह्याच पोटचा. म्हणला, अम्मा, तू अब्बाला गैर हायेस, गैर बाईनं तोंड पाहायचं न्हाई. रीत त्यानं बराबर सांगितली. मी भाईरच बसले, मयत उठल्यावर घरी आले.

आता डोळ्यानं दिसत न्हाई तं बाळंतपणं बी सुटली. थंडीच्या तोंडाला किरिस्तावांचा मेलेल्यांचा दिवस येतो तव्हा मार्था म्हातारी काठी टेकत येती, मला हाताला धरून नेती. ती आत जाऊन आनाच्या दगडावर मेणबत्ती लावती, मी भिंतीच्या भाईर, नाल्याच्या कडंला उभी राहते, तिथं तिचं पहिलं लेकरू व्हतं. मला आत चल म्हणत न्हाई ती, मी बी इचारत न्हाई. तुम्ही लिहून राह्यलेत तं लिहा, तिच्यासंगं मला कधी भांडण न्हाई. आन तुमच्या घरी कव्हा लेकरू झालं तं ते रडतच भाईर येवो, आन रडतच राहो, एवढी माही दुवा घेऊन जा.