दहाव्याचं पिल्लू

न्हाय रं भरमा, म्हायेरी यायची पिशवी भरलीच न्हाय मी — कशी भरू? ह्ये कुत्र्याचं पिल्लू मला फाटकाभाईर पाय टाकू देत न्हाय. हसतोस? हस. धाकटा भाऊ तू, आक्काला हसनारच. पन इचार निपाणीत कुनालाबी. बाजाराला निघाले की पदर धरतंय, मागं फिरले की सोडतंय. चपला चावतंय — त्याबी माज्याच, दुसऱ्याच्या न्हाय. दूध कोमटच पायजे, गार दिलं की वाटी पालथी. रागं भरून बघितलं, लाडानं बघितलं, साखळी आनली — तर माज्याकडं असं रोखून बघितलं की मीच साखळी गुमान खुंटीला अडकवली. लई हट्टी. नाव? नाव न्हाय ठिवलं. मी आपली 'अवो' म्हनते. नवऱ्याचं नाव कुनी घेतंय व्हय — जाऊ दे, च्या घे, गार हुतोय.

आनलं कुठनं? आनलं न्हाय, आलं. तुज्या दाजींच्या दहाव्याला. तू जांबोटीसनं येऊस्तवर समदं आटपलं हुतं, तुला काय म्हाईत. पिंडाला कावळा शिवंना. आमचा सूरज म्हनला, आईला संबाळतो. दीर म्हनले, वाटनी नीट करतो. तरीबी शिवंना. मग समदी माज्याकडं बघाय लागली. त्येंच्या मनात काय ऱ्हायलं हुतं, ते मला म्हाईत हुतं रं — 'मी घर सोडून कुठं जानार न्हाय' एवढं म्हनायचं हुतं, कावळा उडत आला असता. म्हनले न्हाय मी. भटजी दर्भाचा कावळा कराय बसले, अन् तेवढ्यात झाडीतनं ह्ये आलं, पिंडात तोंड घातलं. पोरांनी दगडं मारली, हललं न्हाय. भात संपवून माज्या पायाशी बसलं, घरापतोर मागनं आलं, अन् सरळ जाऊन त्येंच्या खुर्चीखाली —

ते गेल्यापासनं दहाव्यापतोरचं दिस बरं हुतं, भरमा. मी दार सताड उघडं टाकून बसायची. वारं यायचं. वाटायचं, आता जांबोटीला जायाचं, म्हैना म्हैना ऱ्हायाचं. आई गेली तवा 'मेलेल्याला बघून काय करनार' म्हनून त्येंनी सोडलं न्हवतं मला. आता हसत न्हाईस तू.

संगं घिऊन चल म्हनतोस? ह्येस्नी? माज्या म्हायेरातबी? न्हाय, न्हाय — बघ, उठले. उठलं. तुज्याकडं का निगालं? उचलू नको, चावंल — चावलं न्हाय? खांद्यावर गप बसलंय की, लेकरागत. शेपूट हलवतंय. मला कदी हात लावू दिला न्हाय त्येनं. म्हंजे... पिल्लूच हाय म्हन की नुसतं. भुकेलं हुतं, भात दिसला, खाल्ला.

घिऊन जा त्येला. रानात मोकळं सोड, बांदू नको.

मी? व्हय, दिसतंय मला, आता आडवं कोन न्हाय. फाटक उघडं हाय. पन पाय उचलंना रं. फाटकापतोर येते अन् थांबते. वढू नको — हात सोड, भरमा. तुजी बस चुकंल, परत सांजंपतोर न्हाय. जा तू.

जाताना फाटक लाव.