सर्व्हर सर्व्हिसला लागला

सर्व्हिस हा शब्द निघाला ना, की मला आमचे म्हात्रेकाका आठवतात, तळवलीचे. आमच्या ऑफिसात कोडमधल्या चुका पकडणारा एक सर्व्हर होता. तो रोज सकाळी हाताने चालू करायचा, हे काम काकांचं. साहेब मला म्हणाले, "त्याची सर्व्हिस करून टाक. मशीन चालू झालं की तो आपोआप चालू झाला पाहिजे."

मी काकांच्याच लॉगिनवर करून टाकलं. सर्व्हिससाठी वेगळं लॉगिन काढायचा आळस. काका शेजारी बसून खूश. "म्हंजे हा पन सर्विसला लागला म्हन की! आमच्या घरात पयला मी, आता हा."

पंधरा दिवसांत काकांना काढलं. कारण काय, तर सर्व्हर आता आपोआप चालू होतो! त्यांचं लॉगिन बंद केलं, मशीन रिस्टार्ट झालं, आणि सर्व्हर काही उठेना. साहेब माझ्या डोक्यावर उभे. शेवटी लाज गुंडाळून ठेवली आणि काकांनाच फोन लावला.

"काका, सर्व्हर चालू होत नाहीये हो."

काका म्हणाले, "माज्याच नावावर लागलेला ना तो? मंग दोगांची सर्विस एकदमच सुटली."